विमानविद्येचे शिक्षण आणि आपली मुले

बारावीचे निकाल लागले की आमच्या संघाच्या कचेरीत सल्लामसलतीसाठी येणाऱ्या सभासदांची संख्या वाढते. मुलाने पेढीवर बसावे की पुढे शिकावे, शिकावयाचे तर वैद्यकी की हिशेबनिशी, हे प्रश्न आमच्या परिचयाचे आहेत. अलीकडे मात्र त्यांत एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. "मुलगा विमानाचे इंजिनिअरिंग करावयाचे म्हणतो, त्यात पुढे काय?" हा प्रश्न बेळगुंदीसारख्या गावातील किराणा दुकानदार विचारतो, बेळगावच्या रविवार पेठेतील घाऊक व्यापारी विचारतो आणि निपाणीचा तंबाखूचा व्यापारीही विचारतो. विचारणाऱ्या पित्याच्या मुद्रेवर अभिमान व काळजी ही दोन्ही सारख्याच प्रमाणात दिसतात. मुलगी हा विषय काढते तेव्हा काळजीचे पारडे थोडे अधिक जड होते, इतकेच.

या प्रश्नाचे उत्तर घाईने दिल्यास काय होते, हे आम्ही जवळून पाहिले आहे. आमच्या परिचयातील एका सभासदांनी दूरच्या शहरातील एका संस्थेची जाहिरात पाहून मुलाला तेथे धाडले. जाहिरातीत विमानाचे चित्र होते, गणवेशातील तरुण होता आणि नोकरीची हमीही होती. शुल्कासाठी त्यांनी गावालगतचा एक भूखंड विकला. दीड वर्षाने उमगले की, त्या शिक्षणाच्या शेवटी विद्यापीठाची पदवी मिळावयाची नव्हती आणि विमानाची देखभाल करण्याचा सरकारी परवाना मिळविण्यासही ते शिक्षण उपयोगी पडावयाचे नव्हते. मुलगा हुशार होता, कष्टाळूही होता. चूक माहितीच्या अभावाची होती. अशी चूक आणखी कोणा घरी होऊ नये, या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे.

एक व्यापारी, एक विद्वान

विमानाचा धंदा आपल्या समाजाला परका आहे, असे पुष्कळांस वाटते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. हिंदुस्थानातील विमानांचा पहिला कारखाना ज्यांनी उभारला, ते शेठ वालचंद हिराचंद हे सोलापूरच्या दिगंबर जैन व्यापारी घराण्यातले. जहाजांच्या धंद्यात नाव मिळविल्यानंतर १९३९ साली अमेरिकेच्या प्रवासात त्यांची गाठ विल्यम पॉली या विमानव्यवसायातील गृहस्थाशी पडली. त्या संभाषणातून जी कल्पना निघाली, तिला म्हैसूर संस्थानाने साथ दिली आणि २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी ४ कोटी रुपयांच्या अधिकृत भांडवलावर स्थापन झाली. १९४१ साली हिंदुस्थान सरकार तिचे भागीदार झाले आणि युद्धाच्या निकडीमुळे १९४२ साली कारखान्याचा कारभार सरकारने आपल्या हाती घेतला. आज हिंदुस्थान एरोनॉटिक्स या नावाने ओळखला जाणारा अवाढव्य उद्योग तो हाच. वालचंदांनी विमानविद्येची पदवी घेतली नव्हती. परंतु या देशाला विमाने लागणार, ती येथेच बनली पाहिजेत आणि त्यासाठी जागा, भांडवल व माणसे एकत्र आणली पाहिजेत, हे त्यांनी व्यापाऱ्याच्या नजरेने ओळखले.

तथापि कारखाना उभा राहिला म्हणजे विमान उभे राहिले असे होत नाही. त्यासाठी दुसऱ्या प्रकारचा माणूस लागतो. तोही मराठीच निघाला. डॉ. विष्णु माधव घाटगे यांचा जन्म १९०८ सालचा. जर्मनीतील ग्योटिंगेन येथे त्यांनी लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली अभ्यास केला. वाहत्या हवेच्या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांत प्रांटल यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. स्वदेशी परतल्यावर घाटगे बंगळूरच्या कारखान्यात आले. १९४२ साली तेथील भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्येचा विभाग सुरू झाला, त्याच्या आरंभकाळातील अध्यापकांतही ते होते. त्यांच्या नेतृत्वाखाली आखलेले एचटी-२ हे शिकाऊ वैमानिकांचे विमान १९५१ साली आकाशात झेपावले. हवाई दलातील वैमानिकांच्या कित्येक तुकड्या त्यावर उड्डाण शिकल्या. पुढे किरण हे जेट जातीचे शिकाऊ विमानही त्यांच्याच देखरेखीखाली तयार झाले व १९६४ साली प्रथम उडाले. १९६५ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

या दोन नावांचा उल्लेख आम्ही केवळ गौरवासाठी केलेला नाही. विमानाच्या धंद्यास विद्वान लागतो, तसाच उद्योजकही लागतो. आणि या दोहोंच्या मध्ये हजारो कुशल कारागीर, तपासनीस व हिशेबनीस लागतात. आपला मुलगा यांपैकी कोणत्या जागी शोभेल, हे आधी ठरवावे. पदवीचे नाव त्यानंतर पाहावे. या लेखाचा सारांश एवढाच आहे.

ही विद्या म्हणजे काय?

विमानाला चार बलांचा विचार करावा लागतो. वजन त्याला खाली ओढते व पंख त्याला वर उचलतात. इंजिन त्याला पुढे ढकलते व हवेचा रोध मागे खेचतो. पंख हवेला खाली वळवितो आणि त्याच्या वरील बाजूस हवेचा दाब खालच्या बाजूपेक्षा कमी राहतो. त्यामुळे विमान उचलले जाते. पतंग उडविणाऱ्या मुलाच्या बोटांना याचा अनुभव असतो. विद्यापीठात तोच अनुभव गणिताच्या भाषेत मांडावयास शिकवितात. वातावरणात उडणाऱ्या यानांचा अभ्यास म्हणजे एरोनॉटिकल शाखा. त्यात अग्निबाण व उपग्रह यांचा अभ्यास मिळविला की तिला एरोस्पेस म्हणतात.

परंतु या विद्येचे खरे मर्म वजनात आहे. इमारत किंवा पूल बांधताना थोडे लोखंड जास्त घातले तर बिघडत नाही. विमानात जास्त घातलेला प्रत्येक किलो जन्मभर इंधन खातो. म्हणून विमानाचा सांगाडा असा आखतात की, उड्डाणात जास्तीत जास्त जेवढा भार येणे शक्य आहे, त्याच्या दीडपट भार तो सोसेल. त्याहून फार जास्त नाही. दीडपट हे अंतर व्यापाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. ज्याचा नफा थोडा, त्याला हिशेब अचूक ठेवावा लागतो. विमानविद्येत नफ्याच्या जागी प्रवाशांचे प्राण असतात. म्हणून येथे धातूची जात, जोडाची ताकद, तापमानाचा परिणाम, हजारो उड्डाणांनंतर धातूला येणारा थकवा या सर्वांचे ज्ञान काटेकोर असावे लागते.

चार वर्षांचा अभ्यासक्रम

अभ्यासक्रम चार वर्षांचा असतो. पहिल्या वर्षी गणित, पदार्थविज्ञान, रसायन, आरेखन व संगणक हे विषय सर्व शाखांप्रमाणेच असतात. दुसऱ्या वर्षी पदार्थांची ताकद, उष्णतागतिकी व द्रवगतिकी येतात. तिसऱ्या वर्षी खऱ्या अर्थाने विमान सुरू होते. हवेचा प्रवाह, विमानाची रचना, इंजिन, तसेच विमानाचा तोल व नियंत्रण हे चार आधारस्तंभ त्याच वर्षी शिकवितात. शेवटच्या वर्षी विमानातील विद्युत्-उपकरणे, कार्बन तंतूंचे संमिश्र पदार्थ, उपग्रहांच्या कक्षा यांसारखे विषय आणि एक प्रकल्प असतो. संमिश्र पदार्थांचे महत्त्व किती वाढले आहे हे एकाच उदाहरणावरून ध्यानात येईल. बोइंग ७८७ या प्रवासी विमानाच्या सांगाड्याच्या वजनापैकी सुमारे निम्मे वजन अशा पदार्थांचे आहे.

यावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. ज्याला विमानाची चित्रे आवडतात पण गणिताचा कंटाळा आहे, त्याने या वाटेस जाऊ नये. उलट मराठी शाळेतून आलेल्या मुलाने इंग्रजीच्या भयाने मागे सरण्याचे कारण नाही. पहिले वर्ष त्याला जड जाते; परंतु समीकरणाला मातृभाषा नसते.

प्रवेशाच्या वाटा

मुंबई, कानपूर, खरगपूर व मद्रास येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थांत एरोस्पेसची पदवी मिळते. त्यासाठी जेईई मेन व त्यानंतर जेईई ॲडव्हान्स्ड या परीक्षा द्याव्या लागतात. तिरुवनंतपुरम येथे २००७ साली स्थापन झालेली भारतीय अवकाश विज्ञान व तंत्रज्ञान संस्था ही अवकाश खात्याची स्वतःची संस्था आहे. तिचा प्रवेशही जेईई ॲडव्हान्स्डच्या गुणांवरच होतो. पण त्यासाठी स्वतंत्र अर्ज भरावा लागतो, हे पुष्कळांस उशिरा कळते. चेन्नईची मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ही या विद्येचे जुने पीठ आहे; डॉ. अब्दुल कलाम तेथेच शिकले.

कर्नाटकातील महाविद्यालयांसाठी सीईटी ही परीक्षा आहे. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ १९९८ साली स्थापन झाले आणि त्याचे मुख्य ठाणे आपल्या बेळगावातच आहे. त्याच्या संलग्न महाविद्यालयांपैकी अनेकांत एरोनॉटिकल शाखा आहे. महाराष्ट्रातील प्रवेशासाठी तेथील सीईटी द्यावी लागते. सीमाभागातील ८६५ गावांच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्राच्या अभियांत्रिकी प्रवेशात स्वतंत्र तरतूद आहे. तिचा लाभ घ्यावयाचा असल्यास त्या वर्षाची माहितीपुस्तिका आणून अटी वाचाव्यात व दाखले निकालापूर्वीच तयार ठेवावेत. दाखल्यासाठी तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजविण्यात प्रवेशाची मुदत निघून जाऊ नये.

आमचा आणखी एक सल्ला आहे. अठराव्या वर्षी मुलाचा निश्चय पक्का नसेल, किंवा चांगल्या संस्थेत एरोस्पेसची जागा मिळत नसेल, तर मेकॅनिकल अथवा इलेक्ट्रॉनिक्सची पदवी चांगल्या महाविद्यालयातून घ्यावी. त्यानंतर गेट परीक्षा देऊन बंगळूरच्या विज्ञान संस्थेत वा एखाद्या तंत्रज्ञान संस्थेत एरोस्पेसची पदव्युत्तर पदवी घेता येते. या मार्गाने मुलाची एकही वाट बंद होत नाही. दुय्यम महाविद्यालयातील मोठ्या नावाच्या शाखेपेक्षा उत्तम महाविद्यालयातील साधी शाखा केव्हाही श्रेयस्कर.

नाव सारखे, वाटा तीन

आता ज्या घोटाळ्यामुळे वर सांगितलेल्या सभासदांचे नुकसान झाले, त्याविषयी. "विमानाचे शिक्षण" या शब्दांखाली तीन अगदी निरनिराळ्या गोष्टी येतात.

पहिली, विद्यापीठाची अभियांत्रिकी पदवी. तिच्यामुळे विमानाची आखणी, परीक्षण व निर्मिती यांत शिरता येते. केवळ त्या पदवीच्या बळावर विमान उड्डाणास योग्य असल्याची सही करता येत नाही.

दुसरी, विमानाच्या देखभालीचा परवाना. तो नागरी विमानवाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, देते. बारावीला भौतिक, रसायन व गणित घेतलेल्या विद्यार्थ्यास त्यासाठीच्या शाळेत जाता येते. परंतु ती शाळा महासंचालनालयाच्या मान्य यादीत असली पाहिजे, परवान्याच्या परीक्षा उत्तीर्ण झाल्या पाहिजेत आणि प्रत्यक्ष विमानावर कामाचा अनुभव मिळाला पाहिजे. हा परवाना हाती असलेल्या माणसाची सही नसेल, तर देखभालीसाठी उभे केलेले विमान पुन्हा उड्डाणास सुटत नाही. ही वाट कमी प्रतीची मुळीच नाही. ती वेगळी आहे.

तिसरी, वैमानिकाचा परवाना. त्यासाठी उड्डाणशाळेत प्रत्यक्ष उड्डाणाचे तास भरावे लागतात, वैद्यकीय तपासणी कडक असते आणि खर्च फार मोठा असतो. अभियांत्रिकी पदवीशी त्याचा आवश्यक संबंध नाही.

म्हणून कोणत्याही संस्थेत पैसे भरण्यापूर्वी तीन प्रश्न लेखी विचारावेत. शेवटी हाती काय पडणार : पदवी, परवाना की केवळ प्रमाणपत्र? ते कोण देणार? आणि संस्थेला मान्यता कोणाची व किती सालापर्यंतची? मालाचा नमुना पाहिल्याशिवाय आपण साधे पोतेही उचलत नाही. मुलाच्या आयुष्याची चार वर्षे तरी न पाहता का द्यावीत?

पुढे काम कोणते?

पदवीधरास सरकारी क्षेत्रात हिंदुस्थान एरोनॉटिक्स, १९५९ साली स्थापन झालेली राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळा, संरक्षण संशोधन संघटनेच्या प्रयोगशाळा व अवकाश संशोधन संघटना अशी ठिकाणे आहेत. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा मोठा कारखाना नाशिकजवळ ओझर येथेही आहे. येथे एक खुलासा अवश्य करावयास हवा. या संस्थांत एरोस्पेसवाल्यांपेक्षा मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स व संगणक शाखांची माणसे अधिक लागतात. अवकाश संघटनेच्या खुल्या भरतीत मुख्य मागणी याच तीन शाखांची असते. हवाई दलाच्या तांत्रिक शाखेतही अभियंत्यांना अधिकारी म्हणून घेतात.

खासगी क्षेत्रात विदेशी विमानकंपन्यांच्या अभियांत्रिकी कचेऱ्या बंगळुरात आहेत. बोइंगचे ४३ एकरांचे केंद्र तेथे जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाले. अग्निबाणांचे क्षेत्र २०२० सालापासून खासगी कंपन्यांस खुले झाले आणि १८ नोव्हेंबर २०२२ रोजी एका भारतीय खासगी कंपनीचा अग्निबाण प्रथमच अवकाशाकडे झेपावला. या नव्या कंपन्यांत उत्साह भरपूर आहे, पण नव्या पेढीतील नोकरीची अस्थिरताही आहे. परदेशी जाऊ इच्छिणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की, अमेरिकेत या क्षेत्रातील पुष्कळ कामे संरक्षणविषयक कायद्यांमुळे परकीय नागरिकांस मिळत नाहीत. तेथे जाऊन उच्च शिक्षण घेता येते. नोकरीची खात्री मात्र कर्ज काढण्यापूर्वी धरू नये.

मुलींच्या बाबतीत वडीलधाऱ्यांना जी शंका वाटते, तिचे उत्तर २३ ऑगस्ट २०२३ रोजी साऱ्या देशाने पाहिले. चंद्रयान-३ चंद्रावर उतरले, त्या मोहिमेच्या सहयोगी प्रकल्प संचालक कल्पना के. या होत्या.

आमच्या घरांतून आणखी एक प्रश्न निघतो, तो टाळणे योग्य नव्हे. लढाऊ विमानांचे काम अहिंसेच्या संस्कारात वाढलेल्या मुलाने करावे काय? याचे उत्तर प्रत्येकाने आपल्या विवेकाने द्यावे. आम्ही इतकेच नमूद करतो की प्रवासी विमाने, हवामानाचे व दळणवळणाचे उपग्रह, रुग्णांना नेणारी हेलिकॉप्टरे यांतही ही विद्या सर्वस्वी लागते. मनाला जाचणारे काम पत्करण्याची सक्ती या क्षेत्रात कोणावर नाही.

हत्तरगीचा धडा

हे सर्व बंगळूर-मुंबईच्या गोष्टी वाटतील, म्हणून शेवटी घराजवळचे उदाहरण देतो. निपाणीहून बेळगावकडे येताना संकेश्वर ओलांडल्यावर महामार्गावर हत्तरगी लागते. तेथे सुमारे २५० एकरांच्या विशेष आर्थिक क्षेत्रात, श्री. अरविंद मेळ्ळीगेरी यांनी स्थापन केलेल्या एकस या उद्योगसमूहाच्या आवारात, विमानांचे सुटे भाग तयार होतात. धातूचे घडाईकाम, यंत्रावरील कातकाम व पृष्ठभागावरील प्रक्रिया एकाच आवारात होऊन हे भाग एअरबससारख्या कंपन्यांच्या विमानांसाठी रवाना होतात. उद्यमबागेतील ओतकाम व यंत्रकाम यांनी बेळगावात जी कारागिरी रुजविली, तिच्या शेजारीच हा धंदा वाढला आहे.

अशा कारखान्यात आखणी करणारे थोडे व अचूक बनविणारे फार असतात. आयटीआय व डिप्लोमा झालेला तरुण, संगणकावर चालणारे यंत्र हाताळणारा कारागीर, मायक्रोमीटरने तपासणारा तपासनीस यांना तेथे मान आहे. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, तेथे प्रत्येक भागाची खतावणी असते. धातू कोणत्या भट्टीच्या कोणत्या घाणीतून आला, त्याला किती उष्णता दिली, कोणी कापला, कोणी तपासला, याची नोंद भागाबरोबरच प्रवास करते. वीस वर्षांनी एखाद्या विमानात दोष आढळला, तर त्या नोंदीवरून त्याच घाणीतील इतर भाग शोधून काढता येतात. उत्तम मालही नोंदीवाचून आला तर तो टाकून देतात. या पद्धतीला एएस ९१०० असे नाव असले, तरी तिचा आत्मा आपल्या पूर्वजांच्या रोजकीर्दीतलाच आहे. खोटी नोंद करणार नाही, ही आपल्या पेढीची जुनी प्रतिज्ञा या धंद्यात कोणत्याही पदवीइतकीच मोलाची ठरते.

सुटे भाग, हत्यारे, वेष्टन, वाहतूक, कच्चा माल यांचा पुरवठा हाही याच धंद्याचा अंश आहे. मुलगा अभियंता झाला म्हणजे पेढी बंद झाली, असे मानण्याचे कारण नाही. एक भाऊ विद्येकडे व एक भाऊ पुरवठ्याकडे असे घर या भागात निर्माण झाले, तर आम्हांस त्याचे आश्चर्य वाटणार नाही. उलट आनंद वाटेल.

समारोप

१८९९ साली निपाणीजवळील स्तवनिधी येथे दक्षिण भारत जैन सभेची स्थापना झाली, तेव्हा आमच्या वाडवडिलांपुढे प्रश्न होता तो मुलांना शिकवावे कसे हा. त्यासाठी त्यांनी बोर्डिंगे काढली, शिष्यवृत्त्या दिल्या, घरोघर जाऊन मुठी-मुठीने निधी जमविला. आज शाळा पुष्कळ आहेत, पैसाही त्या मानाने आहे. उणीव आहे ती योग्य वेळी योग्य माहिती मिळण्याची. ती उणीव आपल्यालाच भरून काढावयाची आहे. ज्या सभासदांची मुले-मुली या क्षेत्रात शिकत अगर काम करीत आहेत, त्यांनी सुटीत गावी आल्यावर तासभर संघाच्या कचेरीत बसावे आणि दहावी-बारावीच्या मुलांशी बोलावे, अशी आमची विनंती आहे.

आणि ज्या घरी आज हा प्रश्न उभा आहे, त्या घरच्या वडिलांना आमचे एवढेच सांगणे की मुलाला नाही म्हणू नका, आणि लगेच होही म्हणू नका. त्याला गणिताच्या वहीसह समोर बसवा, त्याला नेमके काय करावयाचे आहे ते विचारा, जमल्यास एखाद्या कारखान्यातील ओळखीच्या माणसाशी त्याची गाठ घालून द्या. आखणी करणारा, बनविणारा, तपासणारा की पुरविणारा, यांपैकी आपण कोण, हे त्याला कळले की पदवी निवडणे कठीण नाही. भूखंड विकण्याची वेळ आलीच, तर ती त्यानंतर यावी.